ईशान्य की आग्नेय

९ फेब्रुवारी

नायफ,

सलाम. तुझ्या घराचं छप्पर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं, तरी मी हे पत्र पाकिटात घालून, तिकीट चिकटवून पोस्टात टाकणार आहे. फोन केला की तू "वर्गात आहे" म्हणतोस, रविवारीसुद्धा. दारात आले की बायकोला पुढे करतोस. बिचारी रीमा माझ्यासाठी कॉफी करते आणि तू मागच्या दारानं गॅरेजात. पत्र मात्र तू वाचशील. लहानपणी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरही तू सोडत नसायचास.

तर बातमी अशी, की गेल्या आठवड्याच्या थंडीत मशिदीतला पाण्याचा पाइप फुटला. कळेपर्यंत नमाजाच्या खोलीत घोटाभर पाणी. गालिचा गेला, खालच्या फळ्या फुगून वर आल्या. ओळी सरळ याव्यात म्हणून बाबांनी गुडघ्यांवर बसून चिकटवलेल्या त्या पट्ट्याही सुटून पाण्यावर तरंगत होत्या. मला रडू आलं. तुलाही आलं असतं, तू काहीही म्हण. दुरुस्तीला उन्हाळा उजाडेल. रमजानातल्या नमाजा आम्ही अबू जमीलच्या टायरच्या दुकानात करू, पण ईदेला एवढी माणसं टायरांवर कशी बसवायची?

तेव्हा कारिन धावून आली. कारिन हाउगेन, लुथेरन चर्चची पाद्री, आमच्या सर्वधर्मीय शेजारसभेतला माझा उजवा हात. म्हणाली, "विदाद, आमचा तळघरातला हॉल घ्या. सकाळी आठ ते दहा. ईद शुक्रवारी येतेय आणि आमच्या उपासांच्या शुक्रवारी दुपारी तिथं सूप असतं, तेवढं सांभाळा." मी तिला मिठीच मारली.

मग ती भोळेपणानं म्हणाली, "तुझ्या भावाचंही उत्तर आलं. किती सुरेख अक्षर आहे त्याचं!"

नायफ, तिनं तुलाही बोलावलंय. त्याच हॉलमध्ये, त्याच दिवशी, त्याच वेळी. तिला वाटलं, बेका खोऱ्यातून आलेली, एका आडनावाची, एका गावात राहणारी ही माणसं; ह्यांची ईद काय वेगवेगळी असणार? आणि तूही "आभारी आहोत, नक्की येऊ" लिहून मोकळा झालास. आम्हीही येतोय हे तुला कुठून माहीत असणार.

हे सगळं आईच्या कानावर गेलंय. मी सांगितलं नाही. बरं, मीच सांगितलं. गेली अकरा वर्षं ती एक ईद तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे करतेय, आईबापांनी काडीमोड घेतलेल्या पोरासारखी. काल म्हणाली, "या वेळी दोघं एका छपराखाली आहात. एका इमामामागे उभे राहा, मला डोळ्यांनी बघू द्या. दोघांतलं कुणी एक जरी आलं नाही, तर मी पडदे ओढून घरात बसेन. माझी ईद झाली नाही असं समजा." मी म्हटलं, आधी ते करतील, मग आम्ही करू, तासातासाच्या वेळा वाटून घेऊ. तर म्हणे, "मी काय दोनदा ईद करू? एवढं आयुष्य राहिलंय का माझं?"

सत्त्याऐंशी वर्षांची बाई आहे. म्हणाली तसं करेल, तुला माहीत आहे.

म्हणून सरळ विचारते, येशील ना?

तुझी थोरली,
विदाद

ता. क. आईला अख्खा गाव अजूनही उम्म नायफ म्हणतो, नायफची आई. थोरली मी, नाव मात्र तुझं. तेवढ्यासाठी तरी ये.


२३ फेब्रुवारी

नायफ,

तुझं उत्तर मिळालं. माझ्याच पत्राच्या पाठीवर, पेन्सिलीनं, दीड ओळ. "हॉलमध्ये तोंड कुणीकडे करायचं? बाकी, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

टोमणा बसला. तुझ्या टोमण्यांना मी दाद देते, तेवढं आपल्या घरात अजून शिल्लक आहे. खरंच आहे, मी चर्चवाल्यांशी बोलते, ज्यूंशी बोलते, पेट्रोल पंपावरच्या शीख कुटुंबाशी बोलते आणि सख्ख्या भावाशी पोस्टानं बोलते. पण त्यातलं कुणीही मला बघून मागच्या दारानं पळत नाही.

तू रीमाला म्हणालास, विदाद धर्म पातळ करते, सूप वाढवायला पाणी घालतात तसा. एकदा येऊन बघ की रे. आमच्या सभेत "सगळे धर्म शेवटी एकच" असं जो म्हणेल त्याला आम्ही भांडी घासायला पाठवतो. एकच असते तर महिन्यातून एकदा भेटायचं कशाला? नियम एवढाच, की आपल्या धर्माचं व्याख्यान द्यायचं नाही. दुसऱ्याला असा प्रश्न विचारायचा जो विचारायची आजवर लाज वाटली. जानेवारीत कारिननं हरलीन कौरला विचारलं, "इतके लांब केस धुतल्यावर वाळायला किती वेळ लागतो?" हरलीन म्हणाली, "तुझ्या प्रवचनापेक्षा थोडा कमी." मर्विन ग्लासरनं, आपल्या औषधाच्या दुकानातला म्हातारा मर्विन, मला विचारलं की नमाजात मधेच मन भरकटून किराण्यावर गेलं तर परत पहिल्यापासून म्हणायचं का. मी म्हटलं, तसं असतं तर मी अजून पहिल्या इयत्तेतलीच नमाज पढत असते.

आणि त्या रात्रीचं जेवण! प्रत्येकानं दुसऱ्याचा विचार केला. डुक्कर नको, गाय नको, दूध आणि मांस एकत्र नको, अंडंसुद्धा नको. टेबलावर बघतो तर सगळ्यांनी चणेच आणलेले. हुमुस, छोले, चण्याचं सूप, चण्याची कोशिंबीर. मर्विन म्हणाला, "धर्मांचं माहीत नाही, पण आज रात्री आपली पोटं मात्र एकाच भाषेत बोलणार." हसून हसून माझी कंबर धरली.

मी सुखात आहे, नायफ. शाळेत माझ्या डब्यातल्या झातर मसाल्याचा वास यायचा म्हणून मी जिन्याखाली बसून जेवायची, आठवतं? त्याच गावात आता लोक मला रस्त्यात थांबवून झातर कुठं मिळतं ते विचारतात. मला याचा अभिमान वाटतो.

आता तुझा प्रश्न. तोंड कुणीकडे, हे तू विचारावंस! पृथ्वीगोल काखेत मारून मशिदीत कोण आलं होतं? आयोवावर अंगठा, मक्केवर बोट आणि मध्ये ताणलेला दोरा. दोरा गेला ईशान्येला. आपल्या म्हाताऱ्यांनी भिंतीवरचा सपाट नकाशा बघून ठरवलेली किब्ल्याची दिशा आग्नेय. दोरा खरा होता. मी तेव्हाही तेच म्हटलं आणि आजही म्हणते. पण मग अबू जमीलनं विचारलं, "म्हणजे तुझा बाप कबरीत भलतीकडे बघत पडलाय?"

तू म्हणालास, "हो."

बस, एवढंच. वर्गात पोराला उत्तर द्यावं तसं. बाबांना उजव्या कुशीवर, किब्ल्याकडे तोंड करून मातीत निजवून दोन वर्षंही झाली नव्हती. पडद्यापलीकडे आई बसली होती. त्यानंतर तुला कुणी नीट बोलू दिलं नाही, तेही खरं. पुढच्या शुक्रवारी तू दहा-बारा घरं घेऊन बाहेर पडलास आणि त्या बंद पडलेल्या कॅसेटच्या दुकानात ईशान्येकडे गालिचे घातलेस.

हॉलमध्ये तोंड कुणीकडे ते मला ठाऊक नाही. पण तू प्रश्न विचारलास, म्हणजे यायचं तुझ्या मनात आहे, असं मी धरून चालते.

विदाद


८ मार्च

नायफ,

उपासानं डोकं जड झालंय, म्हणून अक्षर वाकडं. तुझ्यासारखं सुरेख नाही.

कारिननं मला बोलावून विचारलं, "खुर्च्या कुणीकडे सरकवू तेवढं सांग." तेव्हा सगळी रामकहाणी तिला सांगावी लागली. ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "मी दोघांनाही बोलावून मोठा घोळ घातला की!" मग तिला तोडगा सुचला. "मधली दिशा काढा ना. सरळ पूर्व. आमचं चर्चही पूर्वेकडेच बांधलंय."

मर्विन तिथंच बसला होता. म्हणाला, "वा! म्हणजे मुसलमान दोन्हीकडचे चुकतील आणि लुथेरन तेवढे बरोबर."

आमच्या मंडळींची बैठक टायरच्या दुकानात झाली. ती सांगण्यासारखी नाही. "पाहुणे म्हणून त्यांनी यावं, दिशा आमची," असं एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "हॉल आमच्या पाइपामुळे मिळाला." फुटलेल्या पाइपावरही हक्क सांगायचा म्हणजे कमाल झाली. बैठक उठल्यावर मी अबू जमीलपाशी जाऊन बसले.

तो आता नव्वदीत आहे. दुकान मुलगा बघतो, पण म्हातारा काउंटरमागे बसल्याशिवाय गिऱ्हाइकाला टायर घेतल्यासारखं वाटत नाही. मी आमच्या सभेतली रीत वापरली. म्हटलं, "काका, वाद घालायला नाही आले. एक विचारते. तुम्हाला नेमकी भीती कसली वाटते?"

त्यानं काउंटरवरच्या पावत्या गोळा केल्या. मग म्हणाला, "दोरा मीही पाहिला, पोरी. मी काय आंधळा आहे?"

"मग?"

"आज गालिचा फिरवाल. उद्या एखादा शहाणा उठून म्हणेल, कबरीही फिरवा. माझी बायको आहे तिथं. तुझा बाप आहे. माझ्यासाठी तिच्या शेजारी जागा ठेवलीय."

"कबरी कोण फिरवतंय, काका?"

"तुझा भाऊ 'हो' म्हणाला. 'हो'च्या पुढे काय, ते त्यानं कुठे सांगितलं?"

नायफ, मी गाडीत येऊन बसले आणि मला हसावं की रडावं कळेना. आम्हाला इतकी वर्षं वाटत होतं की भांडण दिशेवरून आहे. म्हातारा भलत्याच गोष्टीला धास्तावून बसलाय आणि त्याला कुणी विचारलंच नाही.

म्हणून आता तुला विचारते. कबरी उकरायचं तुझ्या मनात कधी आलं होतं का? आलं नसणार, हे मला माहीत आहे. पण त्याला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

आणि आणखी एक विचारते. बाबांच्या वेळी खड्ड्यात तूच उतरला होतास. त्यांचा खांदा तूच मातीला टेकवलास, तोंड तूच वळवलंस. मग पुढे कधीतरी वर्गात दोरा ताणताना तुला कळलं असेल. ते तुला खातं का रे?

उत्तर दीड ओळीतच दे, चालेल.

विदाद


१७ मार्च

नायफ,

हे पत्र रागानं लिहितेय, रागानंच वाच.

मी तुला दोन प्रश्न विचारले. एकाचंही उत्तर नाही. आणि आज कारिन सांगते की तू काल शाळा सुटल्यावर एकटाच हॉलमध्ये गेलास, होकायंत्र आणि टेप घेऊन, आणि फरशीवर ओळींच्या पट्ट्या चिकटवून आलास. "इतक्या सरळ, विदाद, की आम्ही त्या कायमच्याच ठेवाव्यात!" ही वर तिची वाहवा. तिला विचारलं, कुणीकडे? ती म्हणाली, तळघरात मला पूर्व-पश्चिम कळत नाही.

मी खाली जाऊन बघितलं नाही. बघितलं असतं तर नखांनी खरवडून काढल्या असत्या. दोरा तुझा, आता फरशीही तुझीच! अबू जमीलपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. मला फोनवर म्हणाला, "असं का? बरं. आता मी काय करायचं ते मी बघतो." आणि फोन ठेवून दिला. नव्वदीतल्या माणसानं "बघतो" म्हटलं की मला धडकी भरते.

आई सकाळपासून मामूल करत बसलीय. साच्यात पीठ दाबायचं, सारण भरायचं, पाटावर आपटून काढायचं; हात दुखतात म्हणते आणि कुणाला हात लावू देत नाही. मी तिला पट्ट्यांचं सांगितलेलं नाही. तुझा डबा रीमाकडे पाठवलाय. त्यात पिस्त्याचे आहेत. माझ्या वाट्याला खजुराचे. काय समजायचं ते मी समजले.

शुक्रवारी ती हिरवा झगा घालणार आहे, तोही इस्त्री करून टांगलाय. तिला जर त्या दिवशी पडदे ओढून घरात बसावं लागलं तर मी तुला माफ करणार नाही. माझ्या सभेतल्या सगळ्यांना बोलावून, सगळ्यांच्या देवांसमोर माफ करणार नाही.

विदाद


२२ मार्च

माझ्या नायफ,

मागचं पत्र जाळून टाक. नको, ठेव. माझा राग कसा असतो ते तुझ्या मुलांना कळू दे.

तू तिथं होतास, मग पुन्हा पत्र कशाला, असं म्हणशील. कारण तू पुढे होतास, आणि तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला दिसलं नाही. शिवाय आईचा एक निरोप आहे. तो शेवटी देते. आधी मला मजा करू दे.

आम्ही बायका आईला घेऊन जिना उतरलो तेव्हा तुझी माणसं आधीच ओळींत बसली होती. मी खिडकीवरून दिशा ताडली आणि मला वाटलं, उपासांनी माझं डोकं फिरलंय. आग्नेय! तू पट्ट्या आग्नेयेला मारल्या होत्यास. बाबांच्या दिशेला. तुझी रीमा माझ्या कानात म्हणाली, "आठवडाभर आमच्या कॅसेटच्या दुकानात हेच चाललं होतं. एकेकाला समजावत होते, या एका ईदेला म्हाताऱ्यांचा मान ठेवू." मी तिला म्हटलं, मग मला एक फोन करता येत नव्हता? ती म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिला जरा जळू दे."

जळले. समाधान झालं ना?

तेवढ्यात जिन्यावरून काठीचा आवाज. अबू जमील आणि त्याच्या मागे आमचे सगळे म्हातारे, गुंडाळलेल्या चटया काखेत मारून. तुमच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. सरळ समोर आले आणि कोट टांगायच्या खुंट्यांकडे तोंड करून चटया अंथरल्या. ईशान्येला! अबू जमीलनं आपली खुर्ची ठेवली, बसला, आणि मग मान वळवून तुझ्या पट्ट्या बघितल्या.

"हे काय?"

"काका, तुमची दिशा. आज तुमच्या दिशेनं."

"मूर्खा, मी आज तुझ्या दिशेनं आलोय! चार दिवस एकेकाची समजूत काढलीय!"

"मी पट्ट्या मारल्यात, काका."

"मग उचकट."

"नाही उचकटणार. तुम्ही वडीलधारे."

"वडीलधारा आहे ना? मग ऐक!"

आपल्या लोकांना हॉटेलात 'बिल मी देणार' म्हणून भांडताना कारिननं पाहिलंय, पण हे तिला नवीन होतं. मर्विन तिच्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मला विचारलं, "भांडताहेत?" म्हटलं, हो. "कशावरून?" म्हटलं, दोघंही हार मानायला आलेत आणि जिंकायला कुणी तयार नाही. मर्विन म्हणाला, "माझ्या बायकोला बोलावून आणतो, तिनं हे बघायला हवं."

मग तू म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचललंस आणि आग्नेयेकडे फिरवलंस. त्यानं काठी टेकून, पाय घासत, स्वतःला परत ईशान्येकडे फिरवलं. तू पुन्हा उचललंस. बायकांच्या ओळीत सगळ्यांनी तोंडाला ओढण्या लावल्या होत्या. मला एकीकडे हसू आवरेना आणि दुसरीकडे घड्याळ दिसत होतं, नऊ वाजून गेलेले. कारिनच्या सुपाचं पातेलं चढायचं होतं. ह्या प्रेमापोटीच दोन ईदा होणार असं मला वाटायला लागलं.

तेव्हा तू खुर्ची खाली ठेवलीस आणि गुडघ्यावर बसलास. तू जे बोललास ते मी विसरणार नाही. "काका, मी 'हो' म्हणालो ते भूगोलाचं उत्तर होतं. त्यापुढे काही नव्हतं. माझ्या जिवात जीव आहे तोवर तिथल्या एकाही कबरीला कुणी हात लावणार नाही. बाबांना मीच उतरवलं होतं. मीच."

अबू जमीलनं तुझ्या डोक्यावर हात ठेवला. "एवढंच ऐकायचं होतं. अकरा वर्षं लावलीस, गाढवा. चल, आता मला तुझ्या दोऱ्याकडे फिरव."

तू त्याला फिरवलंस. सगळे उठले, सगळ्या चटया फिरल्या. पट्ट्या एकीकडे आणि माणसं दुसरीकडे, हॉलभर तिरप्या ओळी. मागच्या ओळींना जागाच उरेना. आईची खुर्ची पार स्वयंपाकघरात गेली, सुपाच्या पातेल्याला टेकून. तिथून तिला तुझी पाठ नीट दिसत होती, आणि शेजारी मी. नमाजभर ती रडत होती, आणि मीही. मन एकदाही किराण्यावर गेलं नाही.

आता तुला न दिसलेलं सांगते.

नमाज झाली, तुम्ही पुरुष एकमेकांना मिठ्या मारत होतात. आई खुर्चीतून उठली नाही. कारिन तिच्याजवळ स्टूल ओढून बसली आणि आमच्या सभेच्या सवयीनं विचारलं, "उम्म नायफ, विचारायला लाज वाटते, पण खरं कोण होतं? मुलगा की म्हातारे?" मी आईला भाषांतर करून सांगितलं.

आई म्हणाली, "मुलगा. मला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मी कारिनला सांगायचं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती कारिनशीच बोलत होती, आपल्या खोऱ्यातल्या बोलीत, कारिनला कळो न कळो. "विमानातून आले तेव्हा ही दोघं झोपली होती. मी खिडकीला. खाली बर्फ, नुसतं बर्फ, संपेचना. घर मागे राहिलं, त्यापुढे बर्फ, आणि मग हे गाव. ह्यांचा बाप आधी येऊन राहिला होता. त्यानं मला मक्याच्या शेतांकडे बोट दाखवून सांगितलं, हसीबा, किब्ला तिकडे. मी मनात म्हटलं, पण आपण तर तिकडून आलोच नाही, वरून, बर्फावरून आलो."

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय करायचं? घरी दार लावून घ्यायची आणि चटई डावीकडे फिरवायची. मशिदीत सगळे उभे राहतात तिकडे उभी राहायची. दोन्हीकडच्या नमाजा पोचल्या असतील."

"आई! बाबांना सांगितलं नाहीस?"

"त्यांनी गुडघ्यांवर बसून त्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. गुडघे सुजले होते त्यांचे. त्यांना काय सांगू?"

"आणि मला? इतकी वर्षं भांडण चाललंय, मला का नाही सांगितलंस?"

तर माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा बारा वर्षांची झाले. "तू पाद्रीणबाईला विचारतेस, औषधवाल्याला विचारतेस, केस किती वेळात वाळतात तेसुद्धा विचारता. आई, तू कुणीकडे तोंड करतेस, असं मला कधी विचारलंस?"

मर्विन म्हणाला, "काय म्हणाली?" मी म्हटलं, मर्विन, हे मी सांगणार नाही.

आता निरोप. घरी आल्यावर तिनं झगा बदलला, पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "नायफला लिही. समोर सांगायला मला जमणार नाही, त्याचा चेहरा बघवणार नाही. त्यानं बापाला भलतीकडे ठेवलं, असं तो मनात धरून बसलाय. आज खुर्चीजवळ बोलला तेव्हा मला कळलं." मग डोळे मिटून बोलत गेली. तिचे शब्द जसेच्या तसे देते:

"त्याला सांग, तू बरोबर होतास. तुझा दोरा बरोबर, तुझा गोल बरोबर. आणि मी गेले की मला तुझ्या बापाच्या शेजारी ठेव, ते बघतात तिकडेच तोंड करून. इतकी वर्षं त्यांच्या बाजूला झोपले, आता मातीत जाऊन तोंड फिरवू? तूच खाली उतर. तूच माझा खांदा टेकव. त्यांना ठेवलंस ना, अगदी तसंच."

मी लिहून घेतलं. तिनं डोळे उघडून कागदाकडे बघितलं. मग म्हणाली, "आणि खाली लिही, घाई नाही."

विदाद